डोक्यातलं दुकान

बटणभाऊंचं दुकान म्हणजे सहा फूट रुंद आणि अठरा फूट खोल असा एक बोळच. दोन्ही बाजूंना छताला टेकलेले पुठ्ठ्याचे डबे, मधे एक उंच स्टूल, आणि त्या स्टुलावर दिवसभर चढणारे-उतरणारे भाऊ. बटणं, हूक, चेन, इलॅस्टिक, दोरे, अस्तर, लेस; कपडे शिवणाऱ्याला कापड सोडून जे जे लागतं ते सगळं तिथे मिळायचं. आसपासच्या चार गल्ल्यांतले टेलर आणि घरी मशीन चालवणाऱ्या बायका यांचं भाऊंच्या दुकानावाचून पान हलत नसे. आणि दुकानाचं भाऊंवाचून.

भाऊंचा स्वभाव म्हणाल तर सोन्यासारखा. पण सोन्यासारखा माणूस आणि व्यवस्थित माणूस या दोन वेगळ्या जाती आहेत, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. या धंद्यात डब्याच्या तोंडावर आतलं एक बटण शिवून ठेवतात, म्हणजे डबा न उघडता आत काय आहे ते कळावं. भाऊंच्या डब्यांवरही बटणं होती, फक्त त्यांचा आतल्या मालाशी काही संबंध उरला नव्हता. एक डबा रिकामा झाला की त्यात नवीन आलेला माल जायचा आणि तोंडावरचं बटण तसंच राहायचं. त्यामुळे कोटाच्या काळ्या बटणाच्या डब्यात बाळांच्या झबल्यांची बदकाची बटणं निघायची आणि बदकाच्या डब्यात हूक. भाऊंना हे सगळं पाठ होतं. चौतीस वर्षं त्यांनी एकदाही चुकीचा डबा काढला नव्हता, याचा त्यांना अभिमानही होता. अहो, अभिमान कसला, ती एक खोड होती. पण खोडीचा अभिमान नसलेला दुकानदार दाखवा तुम्ही मला.

रंगांची तर त्यांनी स्वतःची बाराखडी केली होती. एक रडका गुलाबी होता, एक कावळ्या, एक शाळेचा निळा आणि एक शाळेचा निळा धुतलेला. 'सासरेबुवा' नावाचा एक तपकिरी दोरा होता, कारण तो पहिल्यांदा भाऊंच्या सासऱ्यांच्या कोटासाठी आणला होता आणि कुठल्याच कापडाशी जुळवून घेत नसे.

घरी वहिनी होत्या. मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, कडेवर सहा महिन्यांचं मूल. वहिनी भाऊंना बत्तीस वर्षं ओळखत होत्या आणि त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची नाही हे त्यांना पहिल्या दोन वर्षांतच समजलं होतं. भाऊंचा आवडता शब्द 'आलोच'. मुलीच्या जन्माच्या वेळी ते 'आलोच' म्हणून दुकानातून निघाले आणि पोचले तेव्हा पोर दोनदा दूध पिऊन झोपली होती; का, तर वाटेत एका टेलरने हूक मागितले म्हणून ते परत फिरले. यावर वहिनी कधी भांडल्या नाहीत. भांडायला समोर माणूस तर पाहिजे.

दोन वर्षं वहिनींचा उजवा खुबा दुखत होता. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की खुबा बदलायचा. तारीख एकोणीस दिवसांनंतरची. ऑपरेशननंतर सहा आठवडे वाकायचं नाही, खाली बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि घरात एकटं राहायचं नाही. डॉक्टरांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"मी," भाऊ म्हणाले.

"कोणी नाही," वहिनी त्याच वेळी म्हणाल्या.

डॉक्टरांनी एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. भाऊंना ते वाचायची फार इच्छा झाली.

परत येताना वहिनी रागावलेल्या नव्हत्या, हेच भाऊंना जास्त लागलं. त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, की तुम्हाला मी ओळखते हो, दुकानातून तुमचा पाय निघायचा नाही, मी दिवसभराची एखादी बाई बघते. पाऊस पडणार असा अंदाज घ्यावा आणि छत्री शोधायला लागावं, तसं नवऱ्याच्या बाबतीत त्यांचं चाललं होतं. भाऊंनी त्या दिवशी मनाशी पक्कं केलं, की सहा आठवडे मी घरी राहणार. सहा आठवडे म्हणजे सहा आठवडे. मग दुकानाचं काय, हा प्रश्न त्यांना घराचं कुलूप काढताना पडला.

दुकान बंद ठेवायचं म्हटलं तर चार गल्ल्यांची शिलाई अडली असती. दुसऱ्या कुणाला बसवायचं म्हटलं तर दुकान डब्यांत नव्हतं, भाऊंच्या डोक्यात होतं, आणि डोकं काही कुणाला चावीसारखं देता येत नाही. त्यांनी धाकट्या बहिणीला फोन केला. ती एका हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं होती, कापूस, सुया, हातमोजे सांभाळायला. तिच्या स्टोअरमधून सुई हरवली तर सुईलाच मेल्याहून मेल्यासारखं होत असेल. नुकतीच निवृत्त झाली होती आणि तिच्या शिस्तीने घरातल्यांच्या नाकी नऊ आले होते. भाऊंचा फोन ठेवायच्या आत तिने बॅग भरायला घेतली.

पहिल्या दिवशी धाकटीने कशालाही हात लावला नाही. दाराजवळ खुर्ची टाकून बसली आणि दिवसभर एका वहीत रेघोट्या ओढत राहिली. भाऊंना वाटलं, बहिणीचं डोकं फिरलं. संध्याकाळी तिने वही समोर धरली. भाऊ त्रेसष्ट वेळा स्टुलावर चढले होते आणि त्यातल्या चव्वेचाळीस वेळा चारच वस्तूंसाठी: शर्टाची पांढरी बटणं, काळा दोरा, मधल्या मापाचे हूक आणि पँटची चेन. चारही सगळ्यात वरच्या रांगेत.

वर का, असं तिने विचारलं. पहिल्यापासून तिथेच आहेत, असं भाऊ म्हणाले. मग हाताशी काय आहे? हाताशी होती लाकडी कोटबटणं, मोठी, कोरलेली. शेवटची कधी विकली? भाऊंनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पण दिसतात छान."

"दादा," धाकटी म्हणाली, "रोज लागतं ते हाताशी. महिन्यातून एकदा लागतं ते वर. आणि लागतच नाही ते दुकानाच्या बाहेर."

पहिली दोन वाक्यं भाऊंनी लगेच मान्य केली. तिसऱ्यावर ते दोन दिवस भांडले आणि हरले. लाकडी बटणं एका नाटकमंडळीच्या कपडेवाल्याला दिली गेली, तेव्हा भाऊ मुलीची पाठवणी केल्यासारखे दारात उभे होते.

सुट्टीच्या दिवशी दोघांनी सगळे डबे खाली काढले आणि जमिनीवर चादरी अंथरून ओतले. एका डब्यात एकच वस्तू, आणि डब्याच्या तोंडावर तीच वस्तू, हा धाकटीचा पहिला कायदा. ढिगाऱ्यातून सात कात्र्या निघाल्या. कात्री सापडली नाही की भाऊ नवीन आणायचे. तीन चष्मे निघाले, त्यातला एक भाऊंच्या वडिलांचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसेच सात होते.

मग खिशाचा प्रश्न आला. कोणी काही मागितलं आणि ते नसलं, की भाऊ चिठोऱ्यावर लिहून शर्टाच्या खिशात टाकायचे, आणि दर आठवड्याला वहिनी ते खिशासकट धुवायच्या. धाकटीने पैशाच्या गल्ल्याला सुतळीने एक वही बांधली आणि सुतळीला पेन बांधलं. जे हवं ते वहीत, खिशात काही नाही. कंपन्यांचे विक्रेते कधीही येऊन तास-तास बसायचे, त्यांना मंगळवारी तीननंतर, असा वार लावून दिला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिने भाऊंना 'नाही' म्हणायला शिकवलं. कुणी टेलर म्हणाला, की भाऊ, मोठ्या बाजारातून माझं जरा अमुक आणा, की भाऊ दुकान अर्धं लोटून निघायचे. एक ना धड भाराभर चिंध्या, असं धाकटी म्हणाली, आणि चिंध्या तर आपण विकतही नाही. भाऊ आरशासमोर 'नाही जमणार' असं म्हणून बघायला लागले. वहिनींनी ते ऐकलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून हसल्या.

दोऱ्यांच्या खणांना चिठ्ठ्या लावायचं काम भाऊंनी आवडीने स्वतःकडे घेतलं. तीन संध्याकाळी बसून ठसठशीत अक्षरात लिहिल्या. सकाळी धाकटी चष्मा लावून वाचायला लागली: रडका गुलाबी. कावळ्या. बँकेतल्या बाईंचा पडदा. सासरेबुवा. ती वाचत गेली तसतसा तिचा आवाज बारीक होत गेला.

"दादा, हे तुला कळतं. मला कसं कळणार, बँकेतल्या बाईंनी कुठला पडदा लावलाय ते?"

भाऊंना ते खरोखरच सुचलं नव्हतं. इतकी स्वच्छ चिठ्ठी, आणि कळणार नाही म्हणजे काय? धाकटीने सगळ्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या, एक ते एकशेबारा आकडे घालायचे ठरवलं, आणि तेवढ्यात कोटवाला टेलर आत आला आणि म्हणाला, की सासरेबुवाची दोन रिळं द्या. त्याच्यामागून एक बाई आल्या, त्यांना धुतलेला निळा हवा होता. दुपारपर्यंत धाकटीच्या लक्षात आलं, की भाऊंची बाराखडी चारही गल्ल्या शिकून बसल्या आहेत, फक्त तीच निरक्षर आहे. तिने तलवार म्यान केली. प्रत्येक खणावर आकडा घातला, त्याखाली त्या दोऱ्याचा तुकडा चिकटवला, आणि त्याखाली भाऊंच्या अक्षरात 'सासरेबुवा'. भाऊ त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होते.

ऑपरेशनला आठ दिवस राहिले तेव्हा धाकटी म्हणाली, आता तालीम. तू दिवसभर दुकानात यायचं नाहीस. घरीही जायचं नाही, उगाच फोन करशील. समोर सलूनमध्ये बस आणि काहीही झालं तरी उठू नकोस.

सलूनवाला भाऊंचा जुना दोस्त. त्याने त्यांना खिडकीजवळची खुर्ची दिली, आणि नुसतं बसून काय करता म्हणून गालांना साबण लावला. अकरापर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मुलींचे फ्रॉक शिवणारी फ्रॉकवाली आली, हातात राखाडी कापडाचा तुकडा. धाकटीने तो तुकडा घेतला, दिव्याखाली धरला आणि दोऱ्यांशी जुळवायला लागली.

भाऊ खुर्चीत ताठ झाले. दिव्याखाली राखाडी कधी बघायचा नसतो. त्यात निळसर असतो की हिरवट, ते उजेडातच कळतं. भाऊ नेहमी कापड घेऊन दारात जायचे. चौतीस वर्षं जात होते. पण हे त्यांनी धाकटीला सांगितलंच नव्हतं, कारण ते आपल्याला माहीत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. त्यांच्या पायांना माहीत होतं.

फ्रॉकवाली रीळ पिशवीत टाकून पायरी उतरली, आणि भाऊ गळ्यात सलूनचं कापड, अर्ध्या तोंडाला साबण, अशा अवतारात रस्ता ओलांडून तिच्यासमोर उभे राहिले. रीळ बदललं. फ्रॉकवाली धन्य झाली. धाकटीने फक्त वही मिटली.

तालीम तर मोडलीच होती, म्हणून भाऊ दुपारी जेवायला घरी गेले तेव्हा एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्यावर कालची दाढी. घाईघाईत राहिलीच. वहिनींनी पाहिलं, त्यांना सगळं न सांगता कळलं, आणि त्या खुबा दुखेपर्यंत हसल्या. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "गेलातच ना तुम्ही. राहू द्या. मी एका दिवसभराच्या बाईंशी बोलून ठेवलंय. मी हॉस्पिटलमधून घरी आले की लगेचच्या सोमवारपासून येतील त्या."

भाऊ ताटातला भात नुसता चिवडत बसले. तालमीच्या दिवशी, समोरच्या सलूनमधून, राखाडी दोऱ्याच्या एका रिळासाठी जर आपण धावत सुटलो, तर सहा आठवडे काय राहणार? बायको खोटं बोलत नव्हती. बत्तीस वर्षांचा पुरावा तिच्या बाजूने होता.

ते दुकानात परत आले आणि धाकटीला म्हणाले, "मला काय काय येतं तेच मला ठाऊक नाही गं. सांगू काय तुला?"

धाकटीने वहीचं कोरं पान काढलं. मग म्हणाली, "तू सांगू नकोस. तू काम कर. मी बघते आणि लिहिते."

दोन दिवस ती भाऊंच्या मागे सावलीसारखी उभी राहिली आणि त्यांचे हातपाय जे जे करतील ते ते वहीत उतरवत गेली. कापड दारात न्यायचं, उजेडात. चेन देताना दोनदा ओढून बघायची. कोटवाला बोलत असेल तर मोजणं थांबवायचं, तो आकडा चुकवतो. फ्रॉकवाली 'बघू' म्हणाली म्हणजे तिला आवडलेलं नाही, दुसरं दाखवायचं. इलॅस्टिक मोजताना ताणायचं नाही. अशा एकसष्ट गोष्टी निघाल्या. भाऊ त्या वाचताना थक्क झाले. आपण इतके हुशार आहोत हे त्यांना चौतीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

एका गोष्टीवर मात्र धाकटीचं पेन थांबलं. भाऊ सहा बटणं मागितली की सात द्यायचे. तिच्या स्टोअरमध्ये असं कुणी केलं असतं तर तिने त्याला उभं चिरलं असतं. का, असं तिने विचारलं. भाऊ म्हणाले, की तुटतं एखादं, मग त्या एका बटणासाठी बिचारा माणूस कुठे फिरणार? लहानपणी दादा शाळेत दोन पेन्सिली नेत असे, एक दुसऱ्या कुणासाठी तरी, हे धाकटीला माहीत होतं. तिने लिहिलं, बासष्ट, बटण एक जास्त द्यायचं, आणि खाली रेघ मारली.

दुसऱ्या तालमीला भाऊ पुन्हा सलूनमध्ये बसले. दुपारी एक टेलर हातात चेन घेऊन दुकानात परत आला, चांगलाच तणतणत. लांबी चुकली असणार. भाऊ उठले. सलूनवाल्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. भाऊ बसले. तिकडे धाकटी वही उघडते आहे, टेलर हातवारे करतो आहे, हे सगळं खिडकीतून दिसत होतं, आणि भाऊंनी खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरले होते की सलूनवाला म्हणाला, उपटू नका, नवीन आहे. चार मिनिटांनी टेलर बाहेर आला. चेन बदलून मिळाली होती आणि तो हसत होता.

घरी येऊन भाऊंनी हे लढाई जिंकल्यासारखं सांगितलं आणि वहिनींना म्हणाले, की आता त्या बाईंना नको म्हणून कळव. वहिनी म्हणाल्या, "बघू." आणि 'बघू'चा अर्थ काय असतो हे भाऊंच्या दुकानाच्या वहीतच लिहिलेलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर भाऊ सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होते आणि त्यांच्या तोंडून 'आलोच' हा शब्द एकदाही निघाला नाही, कारण जायचंच कुठे नव्हतं. पाचव्या दिवशी वहिनींना घरी आणलं. उंच पलंग, दोन पायांमध्ये उशी, हाताशी चालायचा आधार, सगळं धाकटीने आधीच लावून ठेवलं होतं. पुढच्या सोमवारी सकाळी नऊ वाजता दाराची बेल वाजली आणि ती दिवसभराची बाई उभी राहिली. वहिनींनी तिला नको म्हणून कळवलंच नव्हतं.

भाऊ दारात गेले. आतून वहिनी कान देऊन ऐकत होत्या, आणि आपण ऐकतोय हे कळू नये म्हणून त्यांनी मासिक उलटं धरलं होतं. भाऊंनी बाईंना नमस्कार केला, त्यांना हेलपाटा पडला म्हणून माफी मागितली, चहाचं विचारलं, आणि म्हणाले, "तुमची गरज नाही पडणार. मी आहे ना घरी."

वहिनींनी मासिक सुलटं केलं. दुपारी भाऊंनी केलेला भात कच्चा असूनही त्यांनी सगळा खाल्ला.

भाऊंची खरी परीक्षा पुढेच होती. त्यांचा फोन वाजेना. पहिल्या दिवशी त्यांनी तो चार्ज केला. दुसऱ्या दिवशी तो चालू आहे ना हे बघायला सलूनवाल्याला फोन करायला लावला. तिसऱ्या दिवशी त्यांच्याच्याने राहवेना, म्हणून त्यांनी दुकानात फोन केला. धाकटी म्हणाली, "दादा, गिऱ्हाईक आहे, संध्याकाळी बोलू," आणि तिने ठेवूनही दिला.

फोन हातात धरून भाऊ पलंगाच्या कडेला बसले. ज्यासाठी एवढा आटापिटा केला तेच झालं होतं, आणि त्यांना आनंद होत होता, खरंच होत होता, पण आनंदाच्या आत कुठेतरी चांगलंच दुखत होतं. वहिनींनी विचारलं, करमत नाही ना? भाऊ म्हणाले, "तसं नाही. पण माझ्यावाचून काहीच अडलं नाही गं तिथे." वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या काहीतरी बोलणार होत्या, पण औषधाची वेळ झाली.

स्वयंपाकघरात मात्र भाऊंचं पदोपदी अडत होतं. बत्तीस वर्षं ते त्या घरात राहत होते आणि त्यांना चहाची पूड कुठे असते हे माहीत नव्हतं. वहिनींच्या डब्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. बिस्किटांच्या डब्यात तांदूळ होते, तांदळाच्या डब्यात मेणबत्त्या. मीठ कुठाय गं, चाळणी कुठाय गं, मोठं झाकण कुठाय गं, असं दर पाच मिनिटांनी ते हाक मारायचे आणि पलंगावरून वहिनी सांगायच्या: दुसऱ्या फळीवर, मागे, निळ्या डब्याच्या आत, नाही नाही, त्याच्या शेजारी. एकदाही त्यांचं चुकलं नाही. भाऊंना लाज वाटायला लागली. आजारी बाईला आपण किती त्रास देतो, हे मोजायला त्यांनी कागदावर रेघोट्या मारल्या. दुपारपर्यंत सव्वीस झाल्या.

चौथ्या दिवशी वहिनींचा डोळा लागला आहे असं बघून भाऊंनी पुठ्ठा, कात्री आणि चिकटपट्टी काढली. सगळे डबे ओट्यावर आणले. एका डब्यात एकच वस्तू. रोज लागतं ते हाताशी, महिन्यातून लागतं ते वर. ठसठशीत अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या, आणि या वेळी त्यांनी शहाण्यासारखं नुसतं 'मीठ' लिहिलं, 'तांदूळ' लिहिलं, कुणालाही कळेल असं. अर्ध्या डब्यांना चिठ्ठ्या लावून झाल्या असतील, तेव्हा चिकटपट्टीच्या आवाजाने वहिनी जाग्या झाल्या.

"काय चाललंय हो?"

भाऊ डबा हातात घेऊन दारात आले. काय चाललंय ते त्यांनी मोठ्या हौसेनं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "आता तुला उठसूट हाक मारायला नको. तू निवांत पड."

वहिनींनी त्या डब्यावरची चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "काढा त्या."

"अगं, पण सोयीचं..."

"काढा म्हणते ना. बत्तीस वर्षं हे घर माझ्या डोक्यात आहे, आणि एका दिवशीही कुणी येऊन विचारलं नाही, कुठे काय ठेवलंयस म्हणून. आता कुठे चार दिवस झाले, तुम्ही विचारताय." त्यांनी पांघरूण सारखं केलं. "दुकानाचं तुमच्यावाचून अडत नाही, चांगलं झालं. पण माझ्यावाचून तुमचं थोडं अडू द्या की."

भाऊ स्वयंपाकघरात परत गेले आणि नखाने एकेक चिठ्ठी सोलून काढली. सगळे डबे जसे होते तसे, मेणबत्त्यांसकट, जागच्या जागी ठेवले. मग चहाचं आधण ठेवलं, साखरेचा डबा हातात घेतला, आणि तो हातात तसाच धरून हाक मारली, "साखर कुठे ठेवलीस गं?"

"खालच्या फळीवर," आतून लगेच उत्तर आलं, "उजवीकडून दुसरा."

भाऊंनी डबा आधी तिथे नेऊन ठेवला, आणि मग उचलला.